बाईंचा उलटा हात

आमच्या सरकारी दवाखान्यात आजारी पडायला परवानगी लागायची. पेशंटांना नाही, ते बिचारे आपापल्या मर्जीने आजारी पडून येत. परवानगी लागायची आम्हा स्टाफला, आणि ती द्यायच्या मोठ्या बाई. कागदावर रजा मंजूर करणारे अधीक्षकसाहेब वेगळे होते, नाही असं नाही. पण ते वयाने लहान, स्वभावाने गरीब आणि बाईंच्या समोर तर इतके गरीब, की शिंक आली तरी आधी बाईंकडे बघून घेत.

बाई म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टर. कडक इस्त्रीची पांढरी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा वाजला की व्हरांड्यात बसलेले नातेवाईक आपोआप पाय आत घ्यायचे. आजारपणाची परवानगी घ्यायची पद्धत अशी: बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभं राहायचं, चष्मा असेल तर काढायचा, मान थोडी खाली करायची. बाई डोळे मिटून उजव्या हाताची उलटी बाजू कपाळाला लावायच्या. मग निकाल. निकाल दोनच प्रकारचे, "गरम" किंवा "थंड". गरम निघालेला घरी जायचा. थंड निघालेला ड्यूटीवर, आणि जाताजाता त्याला ऐकावं लागायचं, "ताप पेशंटले येते. स्टाफले कंटाळा येते."

दवाखान्यात थर्मामीटर नव्हते अशातला भाग नाही. औषधभांडार माझ्याकडे, त्यामुळे ते मीच वाटायचो. पण स्टाफच्या बाबतीत बाईंचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. "त्याले फसवता येते," त्या म्हणायच्या. "काखेत कांदा धरला का चढला पारा. माह्या हाताले कोन फसवते?"

फसवायचा प्रयत्न झाला होता. आमच्या एक्स-रेवाल्याला एकदा साळ्याच्या लग्नाला मलकापूरला जायचं होतं. त्याने कँटीनमध्ये चहाचा कढत ग्लास कपाळाला धरून धरून कपाळ लालबुंद केलं आणि डोळे अर्धे मिटून बाईंपुढे उभा राहिला. बाईंनी हात लावला. मग हात खाली सरकवून मानेला लावला. म्हणाल्या, "कपाळ चाहाचं हाय, मान तुही हाय. मानीले घेऊन ड्यूटीवर जाय. कपाळाले जाऊ दे लग्नाले."

मी तेव्हा नवा होतो, बी.फार्म. झालेला होतो, आणि विज्ञानाची बाजू सांभाळायची जबाबदारी या तालुक्यात आपल्यावरच आहे असं मला वाटायचं. म्हणून मी गुपचूप एक प्रयोग केला. बाई वॉर्डात ज्या ज्या पेशंटच्या कपाळाला हात लावत, त्याच्याकडे मी मागून थर्मामीटर घेऊन जायचो. बाई म्हणाल्या "हलका हाय", तर पारा शंभरच्या आसपास. बाई म्हणाल्या "भडकला", तर एकशे तीनच्या पुढे. पूर्ण आठवडा गेला, एकदाही विज्ञान माझ्या बाजूने आलं नाही. शेवटी बाईंनीच मला पकडलं. "काय रे गोळ्यावाले, माहा हात बरोबर चालून राह्यला का? का रिपेरिंगले टाकू?"

मी गोळ्यावाला. माझं नाव त्यांनी निवृत्त होईपर्यंत घेतलं नाही. पेशंटांना तर त्या गावाच्या नावानेच हाका मारायच्या. "ए सुलतानपूर, गोळी घेतली का?" "सोनाळा, ऊठ, सुई टोचायची हाय." एकाच गावचे दोघे आले तर एक थोरला, एक धाकटा. माझी बायको त्यांच्याच हाताखाली स्टाफ नर्स होती. तिचं माहेर देऊळघाट, म्हणून ती देऊळघाट. आमचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काऊन वं देऊळघाट, गोळ्या त फुकटच भेटतात आपल्याले. त्यासाठी लग्न कायले करतं?" लग्नाला मात्र आल्या, आणि जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्यांचे हात धुतलेत का ते तपासत फिरल्या.

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "तिन्ही शिफ्ट माह्याच होत्या. मांडवाले टाइम कुठी होता?" मूळ गाव सोनाळा, तिथे भाऊ, भाचे, शेती. पण वर्षाचे सगळे सण बाई दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्येच काढायच्या. सगळ्यांना अरे-तुरे करायच्या, अगदी अधीक्षकसाहेबांनासुद्धा लक्ष नसलं की "तू" म्हणून जायच्या. उभ्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा काढली नव्हती. आणि आम्हीही तसा विचार कधी केला नाही, कारण त्यांच्या कपाळाला हात लावणार कोण?

मग स्वाइन फ्लू आला.

म्हणजे आधी तो टीव्हीवर आला, मग पुण्याला आला, मग एक दिवस आमच्याकडे त्याचं परिपत्रक आलं. आजार यायच्या आधी परिपत्रक येणं हा सरकारी नोकरीतला एकच फायदा. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांची खोली रिकामी करून तिथे वेगळा वॉर्ड केला. भिंतीवर दोन मुलांचं हसरं कुटुंब रंगवलेलं होतं, ते तसंच राहिलं. खोकला-तापाचा जो पेशंट त्या खोलीत दाखल व्हायचा, तो आधी त्या चित्राकडे बघायचा आणि मग घाबरून विचारायचा, "साहेब, मले आपरेशनले त नाही ना आनलं?"

चांगल्या प्रतीचे मास्क आले, पण मोजके. बाईंनी ते कपाटात कुलपात ठेवले आणि माणशी एक दिला. ड्यूटी संपली की मास्क व्हरांड्यातल्या दोरीला चिमट्याने लटकवायचा. दुपारी ते सगळे उन्हात वाळत पडलेले बघून एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "हे कुरड्या कोनाच्या हायेत?"

मी स्वतः दोन मास्क लावायचो, एकावर एक. खिशात कापराची पुडी. औषधभांडाराच्या खिडकीतून गोळ्या देताना श्वास रोखून धरायचो, त्यामुळे डोस सांगताना माझा आवाज असा यायचा की पेशंटच मला विचारायचे, "तब्येत बरी नाही काय भाऊ?" हसायला हरकत नाही, पण माझ्या भीतीला कारण होतं. बायकोला सातवा महिना लागला होता. अधीक्षकसाहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं की हा फ्लू गरोदर बायकांना सगळ्यात वाईट जातो, छातीत उतरतो, आई आणि बाळ दोघांचंही अवघड होतं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. बायको दोन पोळ्या जास्त जेवली.

"रजा टाक," मी म्हणालो.

"आता टाकली त बाळ झाल्यावर काय करू? बाळंतपणाची रजा पुरते काय?"

"मग बिनपगारी टाक."

"अन मंग वॉर्डात कोन? तुम्ही?"

विषय तिथेच संपला. म्हणून मी बाईंकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा परवानगी मागायला नाही, तर कोणालातरी परवानगी देऊ नका हे सांगायला. बाईंनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"ते पोरगी त्या खोलीत पाय ठेवनार नाही," त्या म्हणाल्या. "कोनत्याच वॉर्डात ठेवनार नाही. माह्या खोलीत बसन, माह्या बाजूले. औषधाच्या मागनीचे इंडेंट लिहीन, सुया मोजन. माह्या नजरेखाली राहीन. तू मास्क नीट लाव अगोदर, नाक बाहेर हाय तुहं."

खरंच बाहेर होतं. दोन मास्क लावले की वरचा खालच्याला ओढतो.

झालं, बायकोची खुर्ची बाईंच्या टेबलाला चिकटून लागली. त्या दिवसापासून ती देऊळघाटची "पोरी" झाली. बाई तिला आपल्या डब्यातलं खायला लावायच्या, ज्वारीची भाकर, मेथी, वर तुपाची वाटी. खोकणारा माणूस दारात दिसला की किल्ल्यांचा जुडगा उगारून त्याला हाकलायच्या. एक्स-रेवाला एकदा नुसता खाकरला, तर त्याला तीन दिवस खिडकीतून बोलावं लागलं. मी निश्चिंत झालो. पूर्ण दवाखान्यात त्या खुर्चीइतकी सुरक्षित जागा नाही, असं मी सासुरवाडीला फोन करून सांगितलं. सासरेबुवा म्हणाले, "तुमच्यावर नाही, पण बाईवर भरोसा हाय."

त्यातच साहेबांनी नियम काढला, की ड्यूटीवर येणाऱ्या प्रत्येकाचा ताप रोज सकाळी बघायचा, आणि ताप असेल त्याला घरी पाठवायचं. साहेबांच्या मनात थर्मामीटर होता. बाईंच्या मनात काय होतं ते सांगायला नको. रोज सकाळी बाईंच्या खोलीबाहेर रांग लागायची, डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत. एकेक कपाळ पुढे यायचं, उलटा हात लागायचा, निकाल व्हायचा. पहिल्या आठवड्यात दोन गरम निघाले, त्यांना घरी पाठवलं. साहेबांनी वर कळवलं की आमच्याकडे तपासणी काटेकोर चालू आहे.

मग आली ती सकाळ. त्या दिवशी सगळे थंड निघाले. नुसते थंड नाही, बाईंच्या शब्दांत "बरफ". एक्स-रेवाला स्वेटर घालून आला होता, दात वाजत होते. बाईंनी हात लावला. "थंड."

"बाई, खरंच थंडी वाजून राह्यली हो. रातभर झोपलो नाही."

"तुह्या कोनत्या साळ्याचं लगन हाय आज? जाय."

तो गेला. जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला वाटलं, आयुष्यात एकदाच खरं बोलतोय बिचारा. पण बाईंचा हात म्हटल्यावर मी काय बोलणार? मी तर त्या हाताची आठवडाभर परीक्षा घेऊन नापास झालेला माणूस. माझंही कपाळ थंड निघालं. शेवटी खुर्चीवर बसलेल्या बायकोच्या कपाळाला बाईंनी सवयीने हात लावला.

"थंडगार हाय पोरगी."

बायकोने बाईंचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"बाई, तुमचा हात काऊन एवढा गरम लागते?"

"तुहं कपाळ थंड हाय म्हून."

"नाही बाई. बसा इथी."

"पोरी, रांग उभी हाय बाहेर."

"रांग आपली थंडच हाय म्हनता ना? मंग जाऊ द्या तिले. तोंड उघडा."

दवाखान्यातल्या कोणत्याच माणसाने बाईंना तोंड उघडायला सांगितलेलं नव्हतं. बहुधा त्या धक्क्यानेच ते उघडलं. बायकोने थर्मामीटर ठेवला. साहेब दारात उभे, मी दारात, आमच्या मागे अख्खी रांग. पारा एकशे तीनच्या वर जाऊन थांबला. बायकोने तो बाईंना दाखवला नाही; साहेबांना दाखवला. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

तेव्हा कुठे माझ्या बी.फार्म. डोक्यात उजेड पडला. ज्याचा हात तापलेला, त्याला दुसऱ्याचा ताप कुठून जाणवणार? कालपासून, कदाचित परवापासून, बाईंना सगळं जग थंड लागत होतं. आणि त्या सगळ्या वेळात त्या हाताने दवाखान्यातल्या एकूण एक माणसाच्या तोंडाजवळ जाऊन हजेरी लावली होती. त्यातल्या त्यात सगळ्यात जवळ, एका टेबलावर, एका डब्यात, कोण होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाईंनाही नव्हती. थर्मामीटर अजून साहेबांपुढे असतानाच त्यांनी आपली खुर्ची बायकोपासून मागे ओढली, भिंतीला टेकेपर्यंत.

बाईंना त्या शिबिराच्या खोलीत दाखल केलं. जेवण घेऊन आलेल्या वॉर्डबॉयने सवयीने दारातून हाक मारली, "सोनाळा, डबा!" आणि मग कोणाला हाक मारली हे लक्षात येऊन तो डबा तिथेच ठेवून पळाला. संध्याकाळी एक्स-रेवाला दाखल झाला, दुसऱ्या दिवशी दोन सिस्टर. जागा होती, कारण आधीच्या सगळ्या पेशंटांचे पुण्याहून आलेले रिपोर्ट निगेटिव्ह निघाले होते. पेशंटांपासून स्टाफला होऊ नये म्हणून मास्क, कुलपं, दोऱ्या, चिमटे. आणि शेवटी पेशंट धडधाकट, स्टाफ खाटेवर. सुलतानपूरचा एक जण डिस्चार्ज घेताना मला प्रेमाने म्हणाला, "भाऊ, तुम्ही बी निंगून जा इथून. इथी स्टाफले साथ हाय."

बायकोला मी त्याच दिवसापासून फ्लूच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. साहेबांनी लिहून दिल्या आणि मी स्वतःच्या हाताने दिल्या. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. मी थर्मामीटर तीनदा झटकून तीनदा लावला, जणू पारा माझ्या भिडेखातर खाली येईल. तिला बाईंच्या पलीकडच्या खाटेवर ठेवलं. तिला बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा ती मला म्हणाली, "दोन मास्क कायले लावता? एक मले द्या," आणि हसताना खोकला आला आणि खोकला थांबेना.

बाई त्या खोलीत एक शब्द बोलत नव्हत्या. ताप असतानाही ज्या बाई खाटेवरून सलाईनचा वेग सांगतील असं आम्हाला वाटलं होतं, त्या तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून पडून होत्या. सगळ्यांना तापापेक्षा त्या गप्प बसण्याची भीती जास्त वाटायला लागली. साहेब आत येऊन दोनदा त्यांच्या खाटेशी थांबले, काहीतरी विचारावं म्हणून. मग ते बाहेर आले, आणि मी बघितलं, त्यांनी कोणालाही न विचारता अकोल्याला फोन लावला. "गरोदर पेशंट पाठवतोय. ऑक्सिजन लागतोय. बेड तयार ठेवा."

स्ट्रेचर बाईंच्या खाटेजवळून जाताना त्या उठून बसल्या. पदर तोंडावर तसाच.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "तिथी थर्मामीटर लावा म्हना. हातानं कोनाले पाहू देऊ नका तुम्ही."

मला "भाऊ" आणि "तुम्ही" म्हणाल्या. रस्ताभर मी ऑक्सिजनच्या नळीकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, आता काही खरं नाही. बाई आपल्याला अहो-जाहो करतात म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय.

अकोल्यात ती बरी झाली. ज्या डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं त्यांनी मला सांगितलं की औषध लवकर सुरू झालं म्हणून निभावलं. मी मान डोलावली. माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता आणि या वेळी मास्कचा काही संबंध नव्हता. तिचा पुण्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा ती घरी बसून वरणाला फोडणी कमी पडली म्हणून मला बोलत होती. थोडी लवकर, पण मुलगी झाली. सगळे सावरले. एक्स-रेवाल्याने तर महिनाभराची रजा घेतली आणि कोणी त्याच्या मानेला हात लावला नाही.

बाईही बऱ्या झाल्या. परत आल्या त्या दिवशी सकाळची रांग सवयीने लागली होती. बाईंनी थर्मामीटरचा ट्रे साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि वॉर्डात निघून गेल्या. काही महिन्यांनी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी भाषणं केली, फ्लूचं नाव कोणी काढलं नाही. सोनाळ्याला जातील असं वाटलं होतं, पण त्यांनी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली.

रोज संध्याकाळी त्या आमच्या फाटकाशी यायच्या. आत नाही. फाटकाच्या बाहेर, तोंड थोडं बाजूला करून. "दूध पेते काय? वजन केलं काय? रातीले झोपते काय?" बायको म्हणायची, आत या. बाई म्हणायच्या, "राहू दे, चपला काढा लागतीन." मुलीला समोर धरलं तर एक पाऊल मागे सरकायच्या. ज्या बाईने या तालुक्यातली निम्मी बाळं पहिल्यांदा हातात घेतली, ती आमच्या बाळाला फाटकातून बघून जायची. मी एकदा बायकोला म्हणालो, आपण काहीतरी बोलायला हवं. ती म्हणाली, "बोलून काय होते? काम दिलं पाहिजे."

तिची रजा संपली. आमच्या दोन्हीकडच्या आयांना सोयाबीनच्या सोंगणीतून सवड नव्हती. पहिल्या ड्यूटीच्या सकाळी ती युनिफॉर्म घालून स्कूटीवर, मागे मी, मांडीवर मुलगी आणि गळ्यात कपड्यांची पिशवी. (स्कूटी तीच चालवते. मला वळणावर भीती वाटते.) गाडी बाईंच्या दाराशी थांबली.

"आठ वाजता लागते माही ड्यूटी," बायको म्हणाली. "हे घ्या."

बाई उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "माह्याजवळ नको वं पोरी. दुसरं पाह्य कोनी."

"पाह्यलं. नाही भेटलं."

"मले सर्दी झाली, खोकला झाला त?"

"झाला त फोन करा. मी येऊन नेईन."

"तुले समजत कसं नाही? तुले ते कोनापासून झालतं, मालूम हाय ना तुले?"

"मालूम हाय. तुमच्यापासून झालतं."

इतक्या महिन्यांत हे वाक्य आमच्या घरात किंवा दवाखान्यात कोणी उच्चारलेलं नव्हतं. मी पिशवीचा बंद उगाच सोडला आणि परत बांधला.

"म्हूनच त आनली," बायको म्हणाली. "हिले तुमच्याएवढं भिऊन सांभाळनारं दुसरं कोन भेटते मले?"

बाई आत गेल्या. आतून बराच वेळ हात धुतल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या त्या नाकातोंडावर पांढरा रुमाल बांधून. दोन्ही हात लांब करून, चुलीवरचं कढत पातेलं उतरवावं तशी त्यांनी मुलगी घेतली. मुलीने ते पांढरं तोंड थोडा वेळ निरखून बघितलं आणि मूठ भरून रुमाल खाली ओढला.

बाईंनी बायकोकडे बघितलं. बायको घड्याळ बघत होती. "उशीर होऊन राह्यला," ती म्हणाली आणि तिने स्कूटीला किक मारली. माझी पिशवी अजून गळ्यातच होती. मी ती उंबऱ्यावर ठेवली आणि धावत जाऊन मागे बसलो. कोपऱ्यावर वळताना भीतीने डोळे मिटायच्या आत मी एकदा मागे बघितलं. बाई दारातच उभ्या होत्या, मुलगी आता छातीशी होती, आणि रुमाल गळ्यातच राहिला होता.